ती गेली

फोन भिंतीवर आहे, इस्त्रीच्या रोलरपासून चार पावलांवर.
वाफेनं त्याचा रंग कधीच उडाला.
डेटन शहरातल्या तीन हॉस्पिटलांच्या चादरी
आमच्या हातांखालून जातात,
आणि त्या फोनवर पूर्वी दोनच गोष्टी यायच्या:
ट्रकला उशीर होतोय,
किंवा कुणाच्या तरी पोराला शाळेत ताप भरलाय.

जानेवारीपासून तिसरी यायला लागली.
"डेल्फीन टकर आहेत का?"
आवाज गोड. नाव मिस्टर लँग,
पुढच्या खेपेला मिस्टर ब्रूक्स,
एकदा तर मिस्टर लँगच, पण बाईच्या आवाजात.

रोलरच्या घरघरीत कुणाला कुजबुजता येत नाही.
त्यामुळे डेल्फीनचं सगळं आम्ही ऐकलं:
मुलाला फिट आली त्या रात्रीची अँब्युलन्स,
अकरा मिनिटं,
दोन हजार तीनशे चौदा डॉलर.
"पगार शुक्रवारी होतो!" ती ओरडून सांगायची,
आणि आम्ही चादरीची टोकं जुळवत
आपापल्या शुक्रवाराचा हिशेब करायचो.

सुपरवायझर ग्रोव्हर वाईट माणूस नाही.
तो नुसता घड्याळाकडे बघायचा.

रुथी म्हणाली, कायदा आहे.
मालकाला इथे फोन चालत नाही, एवढं सांगितलं की बास.
डेल्फीन म्हणाली, "चालतो की नाही विचारायला जाऊ
तर मालकाला कळेल."

मग तो मंगळवार.
ती जेवायला गेलेली. माझ्या हातात ओले अभ्रे,
फोन मान आणि खांद्याच्या मध्ये.
मी म्हटलं, "ती गेली."
'जेवायला' हा शब्द वाफेतच राहिला.

पलीकडे शांतता.
"केव्हा?"
"आत्ताच. दहा मिनिटं झाली."
"अरेरे," तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच मी त्याचा खरा आवाज ऐकला:
जेमतेम विशीतला, सर्दी झालेला.
"माझी मावशीपण अशीच. कामावरच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
सांगायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

डेल्फीन परतली, दातातला मक्याचा दाणा काढत.
आम्ही तिला सांगितलं, बाई, तू वारलीस.
ती इतकी हसली की ग्रोव्हरनं मशीन थांबवलं.

पाच आठवडे ती मेलेली होती.
मेल्यावर तिनं केस कापून घेतले,
थोडी अंगानं भरली.
फोन वाजला की सगळ्यांच्या आधी धावायची,
"लाँड्री!" म्हणायची, मालकिणीच्या थाटात.

सहाव्या आठवड्यात घरी पाकीट आलं.
कै. डेल्फीन टकर यांच्या वारसांस.
आत दोन ओळी शोकाच्या,
खाली तोच आकडा, अधिक व्याज.
वारसानं ते उघडलं. डॅरियन, वय तेरा.
पाकीट घेऊन तो तसाच बसनं आला,
लाँड्रीच्या दारात उभा राहिला.
वाफेत त्याला कुणीच दिसेना.

"आई गेली का?" त्यानं मला विचारलं.

रोज शंभरदा तोंडात येणारा शब्द.
मला उत्तर देता येईना.
मी नुसता हात केला,
सहाव्या टेबलाकडे, जिथं एका चादरीमागून
तिचे बूट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिनंच नंबर फिरवला, सगळ्यांसमोर,
घड्याळाकडे पाठ करून.
"मी डेल्फीन टकर. जिवंत आहे, लिहून घे.
कामावर फोन करायचा नाही, तेही लिही.
पत्र पाठव. माझ्या नावानं."
बराच वेळ काही नाही.
मग तो सर्दीचा आवाज, इतका हळू
की तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं.
काय म्हणाला ते तिनं आम्हाला सांगितलं नाही.
महिना चाळीस डॉलर ठरले, एवढंच.

आता फोन येतो तो ट्रकचा.
तरी मी उचलला, की राँग नंबरलासुद्धा
आधी सांगून टाकते:
डेल्फीन आहे. हात ओले आहेत तिचे,
पण आहे.